दोनशे दहा पावलांवर दूध

चंदीगड पाहण्याच्या हौसेने मी चंदीगडला गेलो नाही. मी गेलो तो आक्काला तिथून उठवून पुण्याला आणण्यासाठी.

आक्का माझी थोरली बहीण. वय ७९. १९६७ साली लग्न होऊन ती मेहुण्यांच्या नोकरीपायी चंदीगडला गेली आणि तिथलीच झाली. मेहुणे जाऊन आता नऊ वर्षे झाली. एकुलता एक मुलगा पुण्यात. गेल्या फेब्रुवारीत आक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडले नाही हे नशीब. पण तास-दीड तास तिला उठता आले नाही. ही बातमी कळली त्याच संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला. म्हणाला,

"मामा, माझं ती ऐकत नाही. तुम्ही धाकटे भाऊ, तुमचं ऐकेल. थंडी संपली की जा आणि तिला घेऊनच या. इथे काय कमी आहे?"

इथे म्हणजे आम्ही दोघे राहतो त्या वसाहतीत. पुण्याबाहेर हमरस्त्याला लागून सात उंच इमारती आहेत. एकीत भाचा, दुसरीत चौदाव्या मजल्यावर मी. सदाशिव पेठेतला आमचा वाडा २०११ साली पाडला, तेव्हा भाच्याच्याच आग्रहाने मी हे घर घेतले. तरणतलाव आहे, व्यायामशाळा आहे, लग्नाचा हॉल आहे. नाही ते एवढेच, की दुकान नाही. कोथिंबिरीची जुडी हवी तर हमरस्त्याने अडीच किलोमीटर जावे लागते, आणि त्या रस्त्याला पदपथ नाही. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी माझे मोटार चालवणे बंद केले, त्या दिवसापासून मी भाच्याच्या रविवारावर जगतो.

गंमत अशी की माझ्या मागच्या गॅलरीतून जुने गाव स्पष्ट दिसते. मारुतीच्या देवळाचा कळस, पिठाची गिरणी, मंगळवारच्या बाजाराची निळी-पिवळी कापडे. काक उडाला तर तीनशे पावले. पण मध्ये दहा फूट उंचीची कुंपणभिंत आहे आणि तिला फाटक नाही. त्या भिंतीने तीनशे पावलांचे अडीच किलोमीटर केले आहेत.

तरीही भाच्याचे म्हणणे मला पटले होते. एकटी बाई, पडली, कोणी पाहिले नाही. मी तिकिटे काढली, येतानाची दोन.

दिल्लीला गाडी बदलून शताब्दीने मी चंदीगडला उतरलो, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की शहर कुठे आहे? रिक्षा रुंद सरळ रस्त्याने चालली होती. दोन्ही बाजूंना झाडे, मार्च असल्यामुळे त्यांची पाने खाली पडत होती. मधूनच एखादी सावर लालभडक फुललेली. घरे दिसत होती ती पाठमोरी. एक चौक झाला, दुसरा चौक झाला. दोन्ही गोल, दोन्ही सारखे. "सेक्टर बाईस" असे सांगितल्यावर रिक्षावाल्याने पुढचा प्रश्न विचारला तो फक्त घराचा आकडा. सेक्टरला नाव नाही, घराला नाव नाही, सगळे आकडे. पेठेतल्या माणसाला हे तुरुंगासारखे वाटले. पण मग आठवले, की आपण तरी काय केले? आठवड्याचे वार घेतले आणि पेठांना वाटून टाकले. आकड्यांना हसण्याचा पुणेकराला फारसा अधिकार नाही.

मोठ्या रस्त्यावरून रिक्षा आत वळली आणि देखावा बदलला. आवाज मागे राहिला. विटांची बसकी घरे, उन्हाला अडवणाऱ्या विटांच्या जाळ्या, प्रत्येक घरापुढे हिरवळीचा तुकडा. आक्का फाटकात उभी होती. हातात काठी, पायात कापडी बूट. मला वाकूही दिले नाही.

"तुला कशासाठी धाडलाय ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आधी चहा घे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला उठवले. मुखाने काही तरी पुटपुटत ती चालू लागली. मला वाटले, रामनाम घेत असेल. जवळ जाऊन ऐकतो तो आकडे! गुडघे धरल्यापासून आक्का पावले मोजते.

"एकशे नव्वद... दोनशे... दोनशे दहा. हे दूध."

झाडाखाली वेरका दुधाची टपरी होती. दूधवाल्याने तिला पाहताच पिशवी पुढे केली. टपरीपासून पन्नास पावलांवर इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फुंकीत होता. त्याच्याकडे एक पातळ टाकले. तीनशे चाळीस पावलांवर भाजी. चारशे तीसवर औषधांचे दुकान. सहाशेच्या आत बँक, पोस्ट, चष्मेवाला आणि चपला शिवणारा. परतताना बागेतून आलो. तिथे तिचा ठरलेला बाक आहे. घरापासून नव्वद पावले. बाकावर दोघी आधीच बसलेल्या होत्या. त्यांतली एक आक्काची घरमालकीण, सगळे तिला बीजी म्हणतात. फाळणीच्या वेळी लाहोराहून आईच्या कडेवर आलेली. आक्काचे पंजाबी ऐकून मी चाट पडलो. ती बीजीशी चक्क भांडत होती, साखर कोणाकडे जास्त आहे यावरून!

त्या पहिल्या फेरीत आम्हांला एक तास लागला. पाऊण तास बोलण्यात गेला. नऊ माणसांनी आक्काला गुडघ्याची चौकशी केली आणि त्यांतल्या प्रत्येकाला मी कोण हे सांगावे लागले. मी आमच्या वसाहतीत चौदा वर्षे आहे. उद्वाहनात भेटणाऱ्यांपैकी किती जणांना माझे नाव ठाऊक आहे, याचा मी मनाशी हिशेब करू लागलो आणि मग तो सोडून दिला.

पडण्याची हकीकत मला दूधवाल्याने सांगितली. आक्काने ती फोनवर अर्धीच सांगितली होती. माताजी रोज साडेसहाला येतात. त्या दिवशी सात झाले, सव्वासात झाले. "दूध पडलं होतं, माताजी आल्या नाहीत," तो म्हणाला. त्याने हाताखालच्या पोराला पाठवले. पोराने दार वाजवले, आत हाक ऐकली आणि बीजीच्या मुलाला उठवले. मागचे दार उघडून त्यांनी तिला बाहेर काढले. तास-दीड तास ती पडून होती हे खरे. पण दीड तासानंतर कोणी तरी आले, ते दोनशे दहा पावलांमुळे आले. जी बाई रोज चालत जाते, तिचे न येणे लोकांना कळते. भाच्याने जी गोष्ट आक्काला हलवण्याचे कारण म्हणून सांगितली होती, तीच मला आता उलट्या बाजूने दिसू लागली.

दुपारी मेहुण्यांच्या कपाटातून आक्काने सेक्टरचा एक जुना नकाशा काढला. मेहुणे इंजिनियर; रस्ते कसे आखले हे सांगण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी तांबड्या पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून होत्या. तो नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून मी बसलो, आणि सकाळी जे योगायोगाचे वाटले होते ते योगायोगाचे नाही हे ध्यानात आले.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. १९४८ साली शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची ही जागा मुक्रर झाली. जवळच चंडीचे देऊळ, त्यावरून नाव. पहिला आराखडा केला तो आल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराने. त्याचा जोडीदार मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला. मग मुख्य इंजिनियर वर्मा आणि प्रशासक थापर हे युरोपात गेले आणि त्यांनी ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य, अशी चौघांची जोडणी केली. १९५१ च्या फेब्रुवारीत ही मंडळी इथे आली आणि थोड्याच दिवसांत नवा आराखडा कागदावर उतरला. त्यांच्या हाताखाली भारतीय वास्तुशिल्पज्ञांची फळी होती. तीत ए. आर. प्रभावळकर हे आपल्याकडचे आडनाव वाचून मला बरे वाटले. १९५३ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. पुढे १९५८ ते १९६२ पर्यंत आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल म्हणून याच गावात होते.

जगभरचे लोक चंदीगडला येतात ते कॉर्बुझिएच्या उच्च न्यायालयाची आणि विधानसभेची छायाचित्रे घ्यायला. पण मला विचाराल तर या शहरातली सर्वांत मोठी गोष्ट उंच नाही, ती जमिनीवर पसरलेली आहे. ती म्हणजे सेक्टर. बहुतेक सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. चारही बाजूंनी वेगवान वाहनांचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकाही घराचे दार उघडायचे नाही, हा नियम. म्हणूनच मला येताना घरे पाठमोरी दिसली होती. सेक्टरच्या मधोमध आडवा जातो तो बाजाराचा रस्ता. तो मुद्दाम किंचित वळणावळणाचा, म्हणजे मोटारींनी वेग घेऊ नये. खाली दुकान आणि वर दुकानदाराचे बिऱ्हाड. या रस्त्याला काटकोनात, सेक्टरच्या लांबीने, हिरवळीचा पट्टा जातो. शाळा, दवाखाना, खेळाची मैदाने यांच्यासाठी तो राखलेला, आणि त्यातून पायी जाणाऱ्यांच्या वाटा.

कॉर्बुझिएने रस्त्यांच्या सात जाती पाडल्या. पहिली जात म्हणजे परगावाहून येणारा राजरस्ता. चौथी बाजाराची. सहावी घराच्या दाराशी संपणारी. सातवी पायवाट. पुढे सायकलींसाठी आठवीची भर पडली. जातिभेदाचे मला मुळीच प्रेम नाही, पण रस्त्यांमधला हा जातिभेद शहाणपणाचा आहे. ज्या रस्त्यावर ट्रक धावतो त्याच रस्त्यावर आजीने कढीलिंब घ्यायला उभे राहावे, ही आपल्याकडची समता काही फार मोलाची नाही.

मी टेबलावर पट्टी ठेवून पाहिले. बाजार मधोमध असल्यामुळे सेक्टरच्या वरच्या किंवा खालच्या टोकापासूनही तो सुमारे सहाशे मीटरांवर येतो. धडधाकट माणसाला आठ-दहा मिनिटे. आक्काला काठी टेकीत वीस. आणि या चालीत कुठेही मोठा रस्ता ओलांडायचा नाही.

ही कल्पना चंदीगडात जन्मली असे नाही. १९२९ साली न्यू यॉर्कसाठी क्लॅरन्स पेरी नावाच्या गृहस्थाने ती नीट मांडली होती. त्याने सुरुवात केली ती मुलापासून. मध्ये प्राथमिक शाळा ठेवा, तिच्याभोवती साधारण पाव मैलाच्या त्रिज्येत घरे बसवा, रहदारीचे रस्ते कडेने न्या, दुकाने कोपऱ्यांवर ठेवा. म्हणजे शाळेला जाताना मुलाला मोटारींचा रस्ता ओलांडावा लागणार नाही. मेयर याच विचारांच्या वर्तुळातला होता आणि त्याच्या आराखड्यातून तो विचार इथे आला.

"अगं, तुझा मुलगा कोणत्या शाळेत होता?" मी विचारले.

"ही काय, मागची. बागेतून पलीकडे," आक्का म्हणाली. "पहिलीपासून एकटा जायचा. मी स्वैपाकघराच्या खिडकीतून बघायची. दप्तर हलताना दिसायचं झाडांतून. पहिला आठवडा बघितलं, मग कुणी बघतंय?"

सहा वर्षांचा मुलगा एकटा शाळेत! भाच्याची मुलगी अकरा वर्षांची आहे. आमच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर ती कधी एकटी पाऊल टाकीत नाही. टाकू नये हेच बरोबर, कारण फाटकापुढे हमरस्ता आहे. शाळेची बस तिला दारातून उचलते आणि दारात आणून टाकते, टपालाच्या थैलीसारखी.

पुढचे आठ दिवस मी आक्काबरोबर आणि आक्काशिवाय पुष्कळ भटकलो. सेक्टर २२ हा सुरुवातीलाच वसलेल्या भागांपैकी एक. फ्राय आणि ड्रू यांच्या हातचा. त्या दोघांनी बांधलेली सरकारी कर्मचाऱ्यांची घरे आतल्या रस्त्यांवर पाहिली. मंत्र्यापासून शिपायापर्यंत घरांचे १३ प्रकार ठरवले होते. तेराव्या प्रकारातल्या शिपायालाही दोन खोल्या, स्वैपाकघर, संडास, नहाणी आणि अंगण मिळाले. १९५० च्या सुमारास आपल्याकडच्या चाळीत एका खोलीत आठ माणसे राहत होती हे आठवले, म्हणजे त्या अंगणाची किंमत कळते. आणि भाजीचा बाजार शिपायालाही तितकाच जवळ होता, जितका साहेबाला.

पण हे सगळे गोडच गोड लिहिले तर आक्काच मला रागावेल. सेक्टरच्या आत स्वर्ग असला तरी त्याची वेस ओलांडणे कठीण आहे. तिची एक जुनी मैत्रीण २३ मध्ये राहते, मध्ये जनमार्ग. पूर्वी दोघी रोज भेटत. एका संध्याकाळी मी आक्काला तिकडे न्यायचे ठरवले. जनमार्गाच्या कडेला आम्ही उभे राहिलो. दिवा हिरवा झाला, आक्काने काठी टाकली, मोजू लागली. अर्ध्यात पोचते तोच दिवा बदलला. मधल्या दुभाजकावर आम्ही दोघे म्हातारे, दोन्हीकडून मोटारी, आणि आक्का माझे मनगट घट्ट धरून उभी. "परत जाऊ या," ती हळूच म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मला म्हातारा वाटला. दोन मैत्रिणी आता फोनवर बोलतात. सेक्टर ज्यांनी आखला त्यांनी आतला माणूस पायी चालेल हे पाहिले. पण त्याला शेजारच्या सेक्टरातही पायी जावेसे वाटेल, याचा विचार त्या रुंद रस्त्यांनी थोडाच केला.

मोटारींचा तर इथे पूर आहे. दरडोई मोटारींत देशात अगदी वरच्या ओळीत बसणारे हे शहर. घरटी दोन-दोन, तीन-तीन. त्या पदपथावर, हिरवळीवर, फाटकाच्या दोन्ही अंगांना बसलेल्या असतात. आक्काच्या दोनशे दहा पावलांतली चाळीस आता रस्त्यावरून पडतात, कारण पदपथावर कोणाची तरी मोटार झोपलेली असते.

आणखी एक गोष्ट आखणाऱ्यांच्या हिशेबात नीट बसली नव्हती. ती म्हणजे हातगाडीवाला. नकाशात पक्की दुकाने होती. पण भाजी, फळे, छोले-कुलचे घेऊन लोक आपोआप आले, त्यांना इकडे रेहडी म्हणतात. त्यांना हटवायचे की जागा द्यायची, हा वाद शहराइतकाच जुना आहे. आठवड्यातून एकदा सेक्टरासेक्टरांत शेतकऱ्यांची 'अपनी मंडी' भरते, तेव्हा मटार, गाजरे आणि सरसूच्या पाल्याचे ढीग पाहून मला आमचा मंगळवारचा बाजार आठवला. फरक एवढाच, की इथे तो मला फक्त वरून बघावा लागत नव्हता.

आणि हेही सांगितले पाहिजे, की हे शहर उभे राहण्यासाठी इथली जुनी गावे उठली, आणि ज्यांनी विटा वाहिल्या त्यांतले पुष्कळ जण झोपड्यांच्या वस्तीतच राहिले. आज या जुन्या सेक्टरांत घर घेणे साध्या नोकरदाराच्या आवाक्यात नाही. एकेका घराचे मजल्यामजल्याने तुकडे पाडून विकण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत मनाई केली. त्यामुळे वस्तीचे रूप टिकेल, पण घरे थोडी आणि गिऱ्हाइके फार, हे तसेच राहील. जवळ बाजार, जवळ शाळा, जवळ बाग ही सर्वांच्या सोयीची गोष्ट म्हणून आखली गेली आणि शेवटी ती मोजक्यांची मिरास होऊ पाहते आहे. आक्का तिथे आहे ती बीजीने भाडे फारसे वाढवले नाही म्हणून.

निघायच्या आदल्या रात्री आक्काने खिचडी केली. पानावर बसल्यावर तिने स्वतःच विषय काढला.

"बोल आता. पुण्याला येऊन मी काय करू ते सांग."

मी घरात काय काय आहे ते सांगितले. मुलगा-सून, नात. फोन केला की दहा मिनिटांत दूध, भाजी, औषध सगळे दारात येते. उद्वाहन आहे, पहारेकरी आहे.

"दूध दारात येतं. आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे जाते?"

मला उत्तर सुचेना. मी स्वतः कुठे जातो, हे मी आठवून पाहिले. मी गॅलरीत जातो.

"इथे पडलीस तर?" मी विचारले. मला ते विचारणे भाग होते.

"पडले की. परत पडेनही." तिने खिचडीवर तूप वाढले. "अरे, माणूस पडायचं तिथे पडतो. कुणाच्या लक्षात येतं का, एवढंच. चालणं बंद झालं की मग ये मला न्यायला. तेव्हा मी कशाला नाही म्हणू? नाही तरी मग मला सगळी गावं सारखीच."

त्या रात्री मी भाच्याला फोन केला. तो चिडला. ते स्वाभाविक होते. आईच्या काळजीने माणूस चिडतो, आणि दूर राहणाऱ्याच्या काळजीत लाजही असते. मी त्याला दूधवाल्याची गोष्ट सांगितली. मग दप्तराची सांगितली. फोनवर थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

"ती पायवाट अजून आहे?" त्याने विचारले.

"आहे. आज सकाळीच चाललो."

"तिच्या कडेला जांभूळ होतं एक."

"ते काही मी पाहिलं नाही. तूच येऊन बघ."

शेवटी ठरले ते असे. न्हाणीघरात धरायला दांडे आणि खाली खरखरीत फरशी बसवायची. हाताला बांधायचे घंटीचे यंत्र घ्यायचे. ते दाबले की बीजीच्या मुलाच्या फोनवर वाजेल. भाच्याने तीन महिन्यांतून एकदा यायचे. आणि डिसेंबर-जानेवारीत धुके आणि थंडी हाड फोडते, तेव्हा आक्काने पुण्याला यायचे की नाही, हे मात्र तिने खुले ठेवले. दूधवाल्याला सांगायची गरज नव्हती. त्याला सांगायला मी गेलो तर म्हणाला, "सात वाजेपर्यंतच वाट पाहीन आता, सव्वासात नाही."

परतीच्या दोन तिकिटांपैकी एक मी रद्द केले. पैसे थोडे कापले गेले. ते मला अजिबात लागले नाहीत.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कापडी बूट घातले आणि पावले मोजली. उद्वाहनापासून मागच्या भिंतीपर्यंत एकशे पंचावन्न. भिंतीला कान लावला तर पलीकडे गिरणी चालू होती. भिंतीपासून बाजार आणखी दीडशे पावले असेल. म्हणजे दूध, भाजी, औषध, न्हावी आणि मारुती, सगळे मिळून तीनशे पाच. आक्काच्या भाजीपेक्षा जवळ! आमच्यासाठी कोणी कॉर्बुझिए आणायला नको, नवा नकाशा नको, रस्ता नको. पुरुषभर उंचीचे एक लोखंडी फाटक हवे आणि तिथे बसायला एक पहारेकरी.

मी वसाहतीच्या समितीकडे अर्ज दिला. पहिल्या बैठकीत सुरक्षिततेचा मुद्दा निघाला. गावातली माणसे आत येतील, असे एक जण म्हणाले. मी म्हटले, आपल्या घरी धुणे-भांडी करायला येणाऱ्या बायका त्या गावातूनच येतात आणि रोज अडीच किलोमीटरांचा फेरा घालून येतात; आणि बाजारात मला ओळखणारी चार माणसे असली, तर मी कमी सुरक्षित होईन की जास्त? कोणी उत्तर दिले नाही, पण कोणी हसलेही नाही. दुसऱ्या बैठकीला माझ्या बाजूने सह्या ३१ झाल्या. त्यांतल्या बहुतेक माझ्या वयाच्या लोकांच्या, आणि सात अशा आयांच्या ज्यांची मुले अजून शाळेच्या बसने जातात. भाच्याने सही केली आणि फाटकाचा कच्चा आराखडाही तोच काढून आला. बापाच्या कपाटातली तांबडी पेन्सिल त्याने कधी आणली, मला ठाऊक नाही.

निर्णय दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे. होईलच असे मी सांगू शकत नाही. भिंत बांधायला कोणाची परवानगी लागली नसेल. तिला दार पाडायला मात्र दोन-तृतीयांश मते लागतात.

परवा आक्काला फोन केला. भाऊबीजेला ये, म्हटले. गाडीचे तिकीट पाठवतो. ती इस्त्रीवाल्याशी बोलत होती. मला थांबवून तिने त्याला पातळाची घडी कशी घालायची ते पंजाबीत सांगितले. मग म्हणाली,

"फाटक झालं की कळव. पावलं किती म्हणालास?"

"तीनशे पाच."

"मध्ये बाक आहे का?"

बाक मी अर्जात घातला नव्हता. आज घालतो आहे.